तळघरातला खोकला

रुग्णाच्या बोलण्यातला एखादा साधा शब्द डॉक्टरने चुकीच्या अर्थाने घेतला तर काय होते, याचा धडा मला काही वर्षांपूर्वी मिळाला. तो शब्द होता ‘खाली’.

आमच्या गावातले एक माध्यमिक शिक्षक ऐन श्रावणात आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा दहावीत होता. महिनाभर कोरडा खोकला, सकाळी उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका, रात्री छातीत घरघर. यापूर्वी असा त्रास कधी नव्हता. छातीला नळी लावली तर दोन्ही बाजूंना बारीक शिट्या वाजत होत्या. पावसाळी हवेत असे रुग्ण दिवसाला दहा येतात. मी औषध लिहून दिले. आठ दिवसांनी ते परत आले. औषध बदलले. मग छातीचा फोटो झाला, रक्त-थुंकी तपासून झाली, क्षय नाही याची खात्री झाली. शेवटी पंप सुरू केला. पंपाने आराम पडे, पण पूर्ण बरे काही वाटेना.

एकदा मुलाची आई म्हणाली, ‘‘डॉक्टर, हा खाली झोपला की खोकला फार वाढतो हो.’’

मी म्हणालो, ‘‘मग खाली कशाला झोपवता? एक कॉट घ्या त्याला.’’

त्या माउलीने दुसऱ्याच दिवशी कॉट आणली. खोकला होता तिथेच राहिला.

दिवाळीत मुलगा मामाकडे आठ दिवस राहून आला. तिथे दोनच दिवसांनी खोकला थांबला. पंपही तो विसरला. घरी परतला आणि तिसऱ्या रात्री पुन्हा घरघर सुरू. तेव्हा मी जे पहिल्या दिवशी विचारायला हवे होते, ते विचारले, ‘‘गुरुजी, हा झोपतो कुठे?’’

‘‘खालीच की. तळघरात. दहावीचं वर्ष म्हणून मे महिन्यात त्याला स्वतंत्र खोली करून दिली.’’

त्यांचे घर उताराच्या जागेवर होते. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर बैठे घर, पण जोत्याखाली निम्मी जमिनीत गेलेली एक मोठी खोली. इतकी वर्षे तिथे लाकूडफाटा, सायकली आणि धान्याच्या कोठ्या असत. आई ‘खाली’ म्हणत होती ती या खोलीला. मी मात्र ‘खाली’ म्हणजे जमिनीवर असे समजून कॉट सुचवून मोकळा झालो होतो.

सजावटीच्या मागे काय होते?

दुसऱ्या दिवशी दवाखाना आटोपून मी त्यांच्या घरी गेलो. खोली दिसायला देखणी होती. भिंतींना प्लायवूड, वर पीओपीचे छत, खाली गालिचा, अभ्यासाचे टेबल, पुस्तकांचे कपाट. पतपेढीचे कर्ज काढून गुरुजींनी दोन लाख रुपये घातले होते. पण दार उघडताक्षणी नाकाला जुन्या ओल्या गोणपाटासारखा वास आला. घरच्यांना तो सवयीने जाणवेनासा झाला होता.

मिस्त्रीला बोलावून पलंगामागची एक पट्टी उचकटायला सांगितली. मागचे प्लायवूड काळ्या-हिरव्या बुरशीने माखले होते. भिंतीला लोणा फुटला होता, गिलाव्याचे पोपडे हाताने निघत होते. गालिच्याची कड उचलली तर खालची फरशी ओली होती. बाहेर जाऊन पाहिले, तेव्हा कारणही सापडले. गच्चीवरच्या पाण्याचा पाइप नेमका त्याच भिंतीच्या पायथ्याशी सोडलेला, आणि त्याला लागून तुळस-जास्वंदीचा वाफा. चार महिने गच्चीवरचा सगळा पाऊस त्या भिंतीत मुरत होता आणि मुलाची उशी भिंतीच्या आतल्या अंगाला, वीतभर अंतरावर होती.

गुरुजी काही बोलले नाहीत. बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘पोराचं भलं करायला गेलो.’’ मलाही काही सुचले नाही, कारण चार महिने मी औषधे बदलत राहिलो होतो आणि रोगाचे घर मात्र पाहिले नव्हते.

आता जागा महाग झाल्या आहेत. बंगल्याखाली, रो-हाउसखाली तळघर असले की ते ‘वाया जाते’ असे वाटते. मुलांची अभ्यासिका, पाहुण्यांची खोली, आजोबांची निवांत जागा, शिकवणीचा वर्ग असे एकेक बेत सुरू होतात. बेत वाईट नाहीत. पण तळघर ही वरच्या खोलीसारखीच एक खोली, हे गृहीत धरणे चूक आहे. तिथे माणूस राहायचा असेल, तर तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात : पाणी, वारा आणि वाट. रंग आणि गालिचा त्यानंतर.

पहिली गोष्ट : पाणी

तळघरात ओल तीन मार्गांनी येते. पहिला मार्ग पाझराचा. भिंतीबाहेर साचलेले पावसाचे, गटाराचे किंवा बागेचे पाणी फटीतून आत येते. दुसरा मार्ग शोषण्याचा. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी वीट, दगडातला चुना आणि सिमेंट जमिनीतली ओल वर ओढतात. तिसरा मार्ग पुष्कळांच्या लक्षात येत नाही. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना? तसेच पावसाळ्यातली दमट हवा तळघराच्या गार भिंतीला लागली की तिथे पाणी धरते. म्हणून भर पावसाळ्यात ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या सताड उघडल्या, तर ओल कधी कधी कमी होण्याऐवजी वाढते.

आपल्याकडे कोणता प्रकार आहे, हे ओळखण्याची एक बिनखर्चाची परीक्षा आहे. हात-दीड हात लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोरड्या पुसलेल्या फरशीवर किंवा भिंतीवर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले, तर ओल जमिनीतून किंवा भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला थेंब दिसले, तर ती खोलीतल्या हवेतली आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात बाहेरचे पाणी तोडावे लागते. दुसऱ्यात हवेतला दमटपणा कमी करावा लागतो.

ही परीक्षा उन्हाळ्यात करून समाधान मानू नका. गुरुजींची खोली मे महिन्यात तयार झाली, तेव्हा भिंती खडखडीत होत्या. तळघराला निदान एक पावसाळा उघड्या भिंतींनी काढू द्या, आणि मगच सजावटीचा विचार करा.

ओलीने आजार कसा होतो? ओल्या लाकडावर, कागदावर, कापडावर बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात. तिचे सूक्ष्म बीजकण हवेत तरंगतात आणि श्वासावाटे आत जातात. दुसरा शत्रू म्हणजे धुळीतला कीटक, ज्याला इंग्रजीत ‘माइट’ म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. तो पाणी पीत नाही, हवेतला दमटपणाच शोषून जगतो. त्यामुळे दमट खोलीतली गादी, उशी, गालिचा ही त्याची आवडती वस्ती. ज्यांना या दोहोंची ॲलर्जी असते त्यांना शिंका, नाक चोंदणे, डोळे खाजणे, खोकला आणि दमा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी आणि दमा अधिक आढळतो, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. लहान मुले, वृद्ध आणि आधीच दमा असलेल्यांना याचा त्रास जास्त.

बुरशीवर रंग मारणे म्हणजे गळवावर पावडर लावणे. बुरशी धरलेले प्लायवूड, गालिचा, पुठ्ठा काढून टाकावा. पक्की भिंत साबणाच्या पाण्याने घासून, पूर्ण वाळू द्यावी. हे काम करताना नाकातोंडावर चांगला मास्क, हातात मोजे हवेत आणि दम्याच्या रुग्णाने तिथे थांबू नये. एक सावधगिरी मुद्दाम सांगतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघरात साठून राहतो आणि फुप्फुसांना भाजतो.

दुसरी गोष्ट : वारा

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवे प्रसिद्ध होती. पेव उघडल्याबरोबर त्यात कोणी उडी मारत नसे. आधी ते काही वेळ उघडे ठेवायचे, आत कंदील सोडून पाहायचे आणि ज्योत नीट जळली तर माणूस उतरवायचा. बंद, खोल जागेत हवा ‘मरते’, हे त्या अशिक्षित म्हणवणाऱ्या हमालांना ठाऊक होते. घरातले तळघर पेवाइतके बंद नसते हे खरे, पण तत्त्व तेच आहे. जड वायू खाली बसतात आणि खालच्या जागेतली हवा आपोआप बदलत नाही.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड आहे. गळती झाली तर तो वरच्या खिडकीतून निघून न जाता पाण्यासारखा पायऱ्या उतरून तळाशी साठतो. म्हणून तळघरात गॅसचे सिलिंडर ठेवू नये, रिकामेसुद्धा नाही. पाहुण्यांसाठी म्हणून तिथे छोटी शेगडी मांडण्याचा मोह टाळा.

त्याहून फसवा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कोळशाची शेगडी, गॅस गिझर, जनरेटर, चालू ठेवलेली मोटार यांतून तो निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे शरीर आतल्या आत गुदमरते आणि माणसाला नुसती झोप येते आहे असे वाटते. गार तळघरात बाळंतीण आणि बाळ ठेवून, ऊब म्हणून पेटती शेगडी आत ठेवणे आणि दार लावून घेणे, यासारखा धोका नाही. तळघराच्या झडपेजवळ जनरेटर ठेवणे हाही तसाच प्रकार. एकाच खोलीतल्या सगळ्यांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, चक्कर किंवा उलटी आली, तर अन्नातून विषबाधा झाली असे समजून तिथे बसून राहू नका. सर्वांना आधी उघड्यावर आणा आणि लगेच दवाखाना गाठा. या वायूची सूचना देणारा छोटा भोंगा आता बाजारात मिळतो. तो लावावा.

ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत, त्यांच्यासाठी चार ओळी. तिकडे घराखालचे तळघर राहण्याजोगे करून घेण्याची पद्धतच आहे, आणि मुलाकडे गेलेल्या आईवडिलांची झोपायची सोय पुष्कळदा तिथेच होते. तिकडच्या तळघरांत रेडॉन या वायूची तपासणी करतात. जमिनीतल्या खडकांत अत्यल्प युरेनियम असते, त्यापासून हा किरणोत्सारी वायू बनतो आणि फटींतून घरात शिरतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाच्या खालोखाल त्याचे नाव घेतले जाते. तपासणीची पेटी तिकडे दुकानात मिळते. मुलाला फोनवर विचारा, ‘‘रेडॉन तपासलास का?’’ आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट दगडाचा आहे आणि त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरेच कमी असते. तरीही हवा खेळती ठेवण्याचा नियम आपल्यालाही लागू आहेच.

हवा खेळवायची कशी? समोरासमोर दोन झडपा हव्यात, एक आत येणाऱ्या हवेसाठी आणि एक बाहेर जाणाऱ्या हवेसाठी. नुसता बाहेर फेकणारा पंखा लावला आणि आत यायला वाट ठेवली नाही, तर पंखा फिरतो पण हवा बदलत नाही. पावसाळ्यात दमटपणा मोजणारे छोटे घड्याळ भिंतीवर टांगा. काटा साठ टक्क्यांच्या वर सतत राहू लागला, तर हवेतले पाणी काढणारे यंत्र किंवा एसी लावावा लागेल. हा खर्च परवडत नसेल, तर ती खोली चार महिने झोपण्यासाठी वापरू नये. नवे प्लायवूड, व्हार्निश, चिकटद्रव्ये यांच्या वाफाही डोळ्यांना व श्वासनलिकेला झोंबतात. काम संपल्यावर काही आठवडे खोली उघडी ठेवून मगच तिथे बाळाला निजवावे.

तिसरी गोष्ट : वाट

२७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्रनगरमध्ये एका शिकवणीच्या तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी घुसले आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडाले. ती जागा कागदोपत्री वाहने आणि सामान ठेवण्यासाठी मंजूर होती. ही बातमी वाचली तेव्हा मला गुरुजींचा मुलगा आठवला. त्याच्याही खोलीला एकच जिना आणि एकच दार होते.

थोडा हिशेब सांगतो. तीन फूट रुंदीच्या दाराबाहेर दोन फूट पाणी साचले, तर त्या दारावर सुमारे १७० किलो वजनाइतका दाब पडतो. धडधाकट माणसालाही ते दार पाण्याविरुद्ध ढकलून उघडता येत नाही, मग म्हातारे माणूस किंवा लहान मूल काय करणार? आगीतही तसेच. धूर आणि उष्णता वर चढतात, आणि वर जाणारा जिना हाच धुराचा रस्ता बनतो. अमेरिकेतल्या घरबांधणी नियमांत तळघरातल्या झोपायच्या खोलीला माणूस बाहेर निघू शकेल एवढी खिडकी सक्तीची असते, ती यासाठीच. आपल्याकडेही दुसरी वाट नसेल, तर तिथे कोणी झोपता कामा नये. खिडकी असून तिला पक्के गज असतील, तर ती वाट नव्हे. गज आतून उघडता येतील असे करून घ्या.

विजेची बटणे आणि प्लग कमरेच्या वर असावेत, गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा आणि मुख्य बटण वरच्या मजल्यावर हवे. तळघरात पाणी भरले असेल, तर वरून वीज बंद केल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा आणि पुरेसा उजेड हवा. सत्तरीच्या आजोबांना रात्री लघवीसाठी तीनदा तो जिना चढावा लागणार असेल, तर ती खोली त्यांच्यासाठी नाही. ‘त्यांना निवांतपणा मिळेल’ असे आपण म्हणतो, पण माणसांपासून आणि उन्हापासून दूर ठेवलेला म्हातारा निवांत नसतो, एकटा असतो.

आणखी एक गोष्ट. मंजूर नकाशात तळघर बहुधा सामान किंवा वाहनांसाठी दाखवलेले असते. राहती खोली करण्याआधी नगरपालिकेत चौकशी करा आणि खांब-भिंतींना हात लावण्यापूर्वी इंजिनिअरला दाखवा.

मग तळघर वापरायचेच नाही का?

जरूर वापरा. आपल्या जुन्या वाड्यांत बळद असे, तळघर असे. तिथे धान्य राही, भांडीकुंडी राहत, पण माणसांची अंथरुणे माडीवर किंवा ओसरीवर पडत. आज काळ बदलला आहे. त्यामुळे माझा सल्ला असा :

१. आधी बाहेरचे पाणी तोडा. गच्चीचे पाइप भिंतीपासून लांब न्या, जमिनीचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला करा, भिंतीला लागून वाफे ठेवू नका. आतून लावलेला कोणताही लेप बाहेरच्या पाण्यापुढे फार काळ टिकत नाही.

२. एक पूर्ण पावसाळा थांबा आणि प्लास्टिकची परीक्षा करा.

३. आतून प्लायवूड, गालिचा, कागदाची सजावट नको. फरशी, साधा गिलावा आणि भिंतीपासून चार बोटे लांब ठेवलेले लोखंडी कपाट बरे.

४. पाण्याची टाकी तिथेच असेल, तर झाकण घट्ट हवे. डेंग्यूचा डास अंधाऱ्या गार जागी आनंदाने राहतो.

५. दिवसा दोन-चार तास बसण्याची जागा आणि रात्री आठ तास झोपण्याची जागा यांत फरक करा. पाणी, वारा, वाट या तिन्ही परीक्षांत खोली उतरली, तरच तिथे बिछाना घाला.

जे आज तळघरात झोपत आहेत, त्यांनी एवढेच पाहावे. खोकला-शिंका सकाळी जास्त असतात का? परगावी गेल्यावर कमी होतात का? परतल्यावर पुन्हा सुरू होतात का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर डॉक्टरांना खोलीबद्दल आपणहून सांगा. मात्र खोली बदलली म्हणून पंप किंवा इतर औषध मनाने बंद करू नका.

गुरुजींनी त्याच आठवड्यात मुलाचा पलंग वर आणला. बैठकीच्या खोलीत पडदा लावून अभ्यासाचा कोपरा केला. पंधरा दिवसांत रात्रीचा खोकला थांबला. मार्चमध्ये परीक्षा नीट पार पडली. दमा मात्र पूर्ण गेला नाही. अजूनही पावसाळ्यात त्याला पंप लागतो, आणि ते चार महिने आधी वाचले असते तर कदाचित लागला नसता, असे मला वाटत राहते. खालच्या खोलीत आता पुन्हा सायकली आणि धान्याच्या कोठ्या आहेत. गुरुजींचे कर्ज त्यानंतरही दोन वर्षे फिटत होते.

तेव्हापासून खोकल्याचा रुग्ण आला की नाव-वय लिहून झाल्यावर मी पहिला प्रश्न विचारतो, ‘‘झोपता कुठे?’’ आणि कोणी ‘खाली’ म्हणाले, तर लेखणी ठेवून आणखी एक विचारतो, ‘‘खाली म्हणजे नेमके कुठे?’’